वाढत्या वयातले फुटबॉलपटू आणि प्लायोमेट्रिक्स: किती उड्या, केव्हा आणि कुणाला?

मधली_फळी

१२ ते १५ वयाच्या मुलामुलींना फुटबॉल शिकवतो. हल्ली पालक मला प्लायोमेट्रिक्सचे, म्हणजे झटपट उसळी घेण्याच्या उड्यांच्या सरावाचे, व्हिडिओ पाठवतात. कंबरेएवढ्या खोक्यावर उडी, एकापाठोपाठ अडथळे, उतरताना धप्प आवाज, आणि सोबत प्रश्न, 'सर, आपल्याकडे हे कधी सुरू होणार?' प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून काढतो. इथे फिजिओ आहेत, ॲथलेटिक्सवाले आहेत, पालक तर आहेतच. भर घाला, पटलं नाही तर खोडून काढा.

पहिला प्रश्न, उपयोग होतो का? होतो, आणि त्याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. मला सगळ्यात पटलेला अभ्यास साधारण १३ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांवरचा आहे, २००९ सालचा. हंगाम चालू असताना नेहमीच्या सरावातलीच २०-२५ मिनिटं काढून, आठवड्यातून दोनदा, ८ आठवडे उड्या करून घेतल्या. दुसरा गट नुसता फुटबॉल खेळत राहिला. उड्या करणाऱ्यांची जागच्या जागी मारलेली उडी सुमारे ८ टक्क्यांनी वाढली, दिशा बदलत धावण्याची वेळ जवळजवळ १० टक्क्यांनी घटली आणि १० मीटरची वेळ सुमारे २ टक्क्यांनी.

२ टक्के ऐकून कुणी नाक मुरडेल. पण १० मीटरला दोन सेकंद घेणाऱ्या मुलाचे २ टक्के म्हणजे ०.०४ सेकंद, आणि त्या वेगात तेवढ्यात तो वीस-पंचवीस सेंटिमीटर पुढे जातो. सुटलेल्या चेंडूवर दोघे धावतात तेव्हा आधी कुणाचा पाय लागणार, हे एवढ्याच अंतरावर ठरतं. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमधले ३६० गोल तपासले तेव्हा ८३ टक्के गोलांच्या आधी गोल करणाऱ्याने किंवा पास देणाऱ्याने काहीतरी जोरकस हालचाल केलेली होती, आणि गोल करणाऱ्याच्या बाबतीत ती बहुतेकदा सरळ रेषेतली जोरदार धाव होती.

आता यामागे घडतं काय ते. उडी मारण्याआधी आपण किंचित खाली बसतो. त्या क्षणी मांडीचे आणि पोटरीचे स्नायू ताणले जातात, टाचेमागची कंडराही ताणली जाते, आणि ताणलेल्या रबरासारखी ती शक्ती लगेच परत मिळते. 'लगेच' या शब्दावर सगळं अवलंबून आहे. खाली बसून रेंगाळलात तर ती शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते आणि उडी फक्त स्नायूंच्या जोरावर मारावी लागते. प्लायोमेट्रिक्समध्ये आपण ताण आणि उसळी यांच्यामधला हा वेळ कमी करायला शरीराला शिकवतो. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू जाड होत नाहीत. मज्जासंस्था स्नायूंना आधी आणि एकदम जागं करायला शिकते. म्हणूनच हे काम मुलांमध्येही चालतं.

त्यामुळे मी उडीची उंची बघत नाही, पाय जमिनीला किती वेळ चिकटून राहतो ते बघतो. पाव सेकंदाच्या आत पाय सुटला तर तो झटपट प्रकार, त्याहून जास्त लागला तर संथ. दोन्ही हवेत. हेडिंगसाठी दोन पायांवर खोल बसून मारलेली उडी संथ प्रकारात येते. पूर्ण वेगात धावताना मात्र पाय जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा हिस्सा टेकतो. ते फक्त उंच खोक्यांवरून शिकता येत नाही.

आणि खोक्याबद्दल स्पष्टच सांगतो. उंच खोक्यावर चढणारा मुलगा उंच उडी मारतोच असं नाही, तो गुडघे छातीपर्यंत ओढून घेतो. त्याच मुलाला सपाट जमिनीवर उडी मारायला सांगा आणि मोजा. दोन मुलांनी एकाच खोक्यावर उडी मारली तरी प्रत्यक्षात एकजण दुसऱ्यापेक्षा बराच कमी उडालेला असू शकतो. चुकलं तर नडगी सोलवटते ते वेगळंच.

संख्येबद्दल: २०१५ साली लहान फुटबॉलपटूंवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. त्यात सुरुवात एका सत्रात ५०-६० वेळा पाय टेकण्याने करा, पुढे वाढवत न्या पण ८०-१२० च्या वर जाऊ नका, आठवड्यातून दोन सत्रं, मध्ये ७२ तासांचं अंतर, आणि ८ ते १० आठवडे, असं सुचवलंय. मी साधारण हेच पाळतो. ६० म्हणजे किती कमी हे प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय कळत नाही. दहा-बारा मिनिटांत संपतं. पालकांना वाटतं काहीच झालं नाही.

---

डावा_बॅक

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार, सर. माझा मुलगा १३ चा आहे. घरातली मोठी माणसं म्हणतात की या वयात उड्या मारून हाडांच्या टोकांना इजा होते आणि उंची खुंटते. यात तथ्य आहे का? तुम्ही किती काळजी घेता?

---

टाच_आणि_चवडा

फिजिओ आहे, खेळणारी मुलं रोज बघते. डावा_बॅक, उंची खुंटण्याची भीती मनातून काढून टाका. नीट शिकवलेल्या, देखरेखीखालच्या उड्यांमुळे किंवा ताकदीच्या व्यायामामुळे मुलांची वाढ थांबते याला आधार नाही. उलट धावणं-उडणं या भाराने वाढत्या वयातली हाडं मजबूत होतात.

पण घरातल्यांची काळजी अगदीच निराधार नाही, ती चुकीच्या जागी आहे एवढंच. ग्रोथ प्लेट म्हणजे हाड जिथे वाढतं तो कूर्चेचा भाग, आणि तो खरोखर नाजूक असतो. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण १४ च्या आसपास, मुलींची १२ च्या आसपास, आणि त्या वर्षात ८-१० सेंटिमीटर सहज वाढतात. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि कंडरा मागून येतात. मग मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याखालच्या उंचवट्याला ओढतो आणि तिथे दुखायला लागतं, त्याला ऑसगुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागे असंच दुखतं त्याला सिव्हर्स. सिव्हर्स थोडा लहान वयात दिसतो, ऑसगुड नंतर. दोन्ही बरे होतात, पण उड्यांचा ढीग रचला तर चिघळतात.

म्हणून मी प्रशिक्षकांना एकच गोष्ट सांगते. महिन्यातून एकदा उंची मोजा आणि वहीत लिहा, त्याच वेळी आणि त्याच भिंतीपाशी. दोन-तीन महिन्यांत रेघ एकदम वर चढताना दिसली की त्या मुलाच्या उड्या कमी करा. पूर्ण बंद नको. खोक्यावरून खाली उडी नको, एका पायावरच्या लांब उड्या नकोत. जागच्या हलक्या उड्या, दोरी, उतरण्याचा सराव एवढं चालेल. याच काळात मुलं अचानक बेढब धावायला लागतात, चेंडू पायात अडकतो, आणि लोक त्यांना आळशी ठरवतात. ती मुलं आळशी नसतात, त्यांचे पाय लांब झालेले असतात आणि मेंदूचा जुना हिशोब चुकत असतो. कृपा करून या मुलांना रागावू नका.

एकाच वर्गातल्या, एकाच जन्मसालाच्या दोन मुलांच्या शारीरिक वयात दोन-तीन वर्षांचं अंतर असू शकतं. '१४ वर्षांखालील गटाचा कार्यक्रम' असं काही नसतंच मुळी.

---

मधली_फळी

टाच_आणि_चवडा, तुम्ही शेवटी जे लिहिलंत ते मला मूळ लेखात यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं वाटतं. मुलग्यांवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषणही याच दिशेने जातं: उंची झपाट्याने वाढण्याच्या आधी आणि ती वाढ सरल्यावर उड्यांचा फायदा जास्त दिसतो, मधल्या काळात कमी. म्हणजे जिथे धोका जास्त तिथेच मिळकत कमी. त्या वर्षात रेटण्यात कुणाचंच भलं नाही.

---

स्टॉपवॉच

एक शंका, विरोध म्हणून नव्हे. या वयातली मुलं काहीही न करताही दर वर्षी वेगवान होतात. दोन महिन्यांनी उडी वाढली तर ती सरावाने की वयाने, हे एका संघाच्या प्रशिक्षकाला कसं कळणार? अभ्यासात तुलनेचा गट असतो. मैदानावर नसतो. ८ आठवड्यांनी 'बघा, सुधारणा' म्हणून तक्ता दाखवणारे मी बरेच पाहिलेत.

दुसरं, मोजमाप. हातातल्या स्टॉपवॉचने १० मीटर मोजून ०.०४ सेकंदाचा फरक सांगणं शक्यच नाही, बोटाची चूक त्याहून मोठी असते.

---

मधली_फळी

दोन्ही मुद्दे बरोबर. हातघड्याळाने १० मीटर मी मोजतच नाही. ३० मीटर मोजतो, तेही अंदाजासाठी.

उडी मात्र मोबाइलवर बऱ्यापैकी मोजता येते. संथगती चित्रण सेकंदाला २४० चौकटींचं असेल तर पाय सुटला ती चौकट आणि पाय टेकला ती चौकट शोधा, मधला वेळ काढा. वेळेचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८, ही झाली मीटरमध्ये उंची. अर्धा सेकंद हवेत म्हणजे साधारण ३१ सेंटिमीटर. एका चौकटीची चूक झाली तर उंचीत जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडतो, आपल्या कामाला पुरे. अट एकच, उतरताना पाय सरळ हवेत. गुडघे दुमडून उतरलं की हवेतला वेळ खोटा वाढतो, आणि मुलांना ही युक्ती फार लवकर सापडते.

वाढीचा भाग वेगळा काढायचा तर माझ्याकडे एकच साधा मार्ग आहे: मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या काही महिन्यांशी करायची. कार्यक्रम सुरू करण्याआधी दर महिन्याला उडी मोजत राहा. नुसत्या वाढीने ती किती चढते याची कल्पना येते. नंतरचा चढ त्याहून ठळकपणे मोठा असेल तरच श्रेय घ्या. तक्ते दाखवणाऱ्यांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत.

---

धावपट्टी

ॲथलेटिक्समधला आहे, लांब उडी आणि तिहेरी उडी शिकवतो. फुटबॉलवाल्यांनी आमच्याकडून घेतलेली एक गोष्ट मला खटकते. खोक्यावरून खाली उडी मारून लगेच वर उसळायचं, ही पद्धत सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात घडवली. ती होती वर्षानुवर्षं तयारी केलेल्या उडीपटूंसाठी, आणि तीही मोजून मापून, हंगामातल्या ठराविक टप्प्यात. त्या मोठ्या माणसांसाठीच्या उंची १३ वर्षांच्या पोरांना लावायच्या नसतात. २० सेंटिमीटर पुष्कळ झाले. आणि टेकल्यावर टाच जमिनीला लागून मूल 'बसत' असेल तर ती उंचीही जास्त आहे, खाली आणा.

माझ्या मुलांना मी पहिले कितीतरी आठवडे फक्त उतरायला शिकवतो. उडी नाहीच. छोट्या पायरीवरून उतर, थांब, तीन अंक मोज. आवाज आला तर पुन्हा. चवड्यावर टेकून हलकेच टाच, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, खुबा मागे, छाती समोर. कान लावून ऐकलं तरी अर्धं कळतं: चांगलं उतरणं जवळजवळ मुकं असतं.

मग दोन पायांवर जागच्या उड्या. मग पुढे. मग बाजूला. एका पायावर सगळ्यात शेवटी. फुटबॉलमध्ये जवळपास सगळं एका पायावर घडतं, त्यामुळे तिथपर्यंत पोहोचायचंच आहे, पण घाईने नाही.

---

मधली_फळी

धावपट्टी, आभार. याला पूरक एक: चिलीमधल्या लहान फुटबॉलपटूंवर बरेच अभ्यास झालेत, त्यांत दोन पायांच्या, एका पायाच्या आणि दोन्हींच्या मिश्र अशा उड्यांची तुलना होती. मिश्र गट सगळ्यात सरस ठरला. उभ्या आणि आडव्या उड्यांच्या बाबतीतही तेच, दोन्ही मिसळल्या की फायदा जास्त. याचा अर्थ मला सरळ लागतो. फक्त वर उडणारा मुलगा वर उडायलाच शिकतो. धावेची पहिली पावलं मागे जोर देऊन पुढे जाण्याची असतात, म्हणून पुढे झेपावणाऱ्या उड्या हव्यात. दिशा बदलायची तर बाजूच्या हव्यात.

---

लेफ्ट_विंगची_आई

माझी मुलगी १४ वर्षांची, विंगवर खेळते. तिच्या वरच्या गटातल्या दोन मुलींचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, फाटलं, आणि दोघींनाही कुणाचा धक्का लागलेला नव्हता. एक वळताना पडली, दुसरी उडी मारून उतरताना. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा येतो. तिला या उड्या करू द्याव्यात की नाही? खरंच मला ठरवता येत नाहीये.

---

टाच_आणि_चवडा

ताई, तुमची भीती समजते. तुम्ही सांगितलेले दोन्ही प्रसंग या दुखापतीचे नेहमीचे प्रकार आहेत: धक्का नाही, वळणं किंवा उतरणं, गुडघा आत कोसळणं. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये एसीएलच्या दुखापतीचं प्रमाण मुलांपेक्षा दोन ते तीनपट आहे. वयात येताना मुलांची ताकद उंचीबरोबर झपाट्याने वाढते, मुलींची त्या मानाने कमी, आणि उतरताना गुडघा आत झुकण्याची सवय याच काळात लागते.

म्हणूनच उत्तर 'करू द्या' असं आहे. उड्या टाळल्या तरी सामन्यात ती उडणार आहेच, वळणार आहेच, फक्त तयारीशिवाय. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या मुलींवर मोठी चाचणी झाली, २००८ साली प्रसिद्ध झाली. ज्या क्लबांनी सरावाआधी फिफा ११+ हा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप केला तिथे गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्यात धावणं, पोट-पाठीची आणि मांडीची ताकद, तोल, आणि मधोमध उड्या व उतरण्याचा सराव आहे. ७ ते १३ वयासाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे, तिचेही निष्कर्ष चांगले आहेत.

तुम्ही एक करा. मुलीला छोट्या पायरीवरून दोन पायांवर उतरायला सांगा आणि समोरून चित्रण करा. गुडघे एकमेकांकडे झुकतात का बघा. झुकत असतील तर घाबरू नका, सांगितल्यावर बहुतेक मुली काही आठवड्यांत सुधारतात. तिच्या प्रशिक्षकांना तो व्हिडिओ दाखवा. आणि हा वॉर्म-अप अधूनमधून करून भागत नाही. ज्या संघांनी नियमित केला त्यांनाच पुरता फायदा मिळाला.

---

लेफ्ट_विंगची_आई

आज संध्याकाळीच व्हिडिओ घेते. मनापासून आभार.

---

वाळूवरचा_खेळ

आम्ही वाळूत करून घेतो. पाय दुखत नाहीत, मुलंही खूश. गवतापेक्षा वाळू बरी नाही का?

---

धावपट्टी

काय साधायचंय त्यावर आहे. मोठ्या खेळाडूंवर ४ आठवड्यांची तुलना झाली होती. वाळूवरच्या गटाचे स्नायू कमी दुखले, धावण्यातली सुधारणा दोन्हीकडे सारखी, पण ताण-उसळीचा फायदा गवतावर जास्त. कारण उघड आहे, वाळू पायाखाली सरकते आणि उसळी खाऊन टाकते. दुखापतीतून परतणाऱ्याला किंवा हंगामाच्या सुरुवातीला वाळू छान. झटपट पाय सुटायला शिकवायचा असेल तर टणक पण थोडी मऊ जमीन हवी, म्हणजे चांगलं गवत. सिमेंटवर अजिबात नको.

---

डावा_बॅक

मुलाचा क्लब आठवड्यात चार दिवस सराव घेतो, शिवाय शाळेच्या संघाचे सामने. त्यात या उड्या कुठे बसवायच्या? आणि सरावानंतर घरी करून घेतल्या तर?

---

मधली_फळी

घरी नको, आणि सरावानंतर तर नकोच. थकलेले पाय जमिनीवर रेंगाळतात, आणि मूल नेमकं तेच शिकतं. वॉर्म-अप झाला की लगेच, ताज्या पायांनी. उड्या सरावाआधी की नंतर याचीही तुलना झाली आहे, आधी केलेल्यांचा फायदा जास्त होता. दोन सेटमध्ये मुलांना दम खाऊ द्या. मोठ्यांना लागते तितकी विश्रांती मुलांना लागत नाही, मिनिटभर पुरते, पण धापा टाकत उड्या नकोत.

आणि हे पालकांनी आणि क्लबांनी दोघांनीही ऐकावं असं मला फार वाटतं: उड्या वाढीव म्हणून घालू नका, कशाच्या तरी जागी घाला. वर ज्या अभ्यासाबद्दल लिहिलं त्यात मुलांचा एकूण सराव वाढवलेला नव्हता, त्यातलीच २०-२५ मिनिटं वापरली होती. तुमच्या मुलाचे चार दिवस आणि सामने हाच मोठा भार आहे. क्लबच्या प्रशिक्षकांशी बोला, दोन दिवस ठरवा, सामन्याच्या आदल्या दिवशी नको. शाळेचे प्रशिक्षक वेगळे असतील तर दोघांना एकमेकांशी बोलायला लावा. दोघेही आपापल्या जागी ८० उड्या घेतात आणि मूल १६० मारतं, असं फार ठिकाणी होतं. टाच दुखायला लागल्यावर दोघेही म्हणतात, आम्ही तर कमीच घेतो.

---

स्टॉपवॉच

शेवटचा प्रश्न. परीक्षा आल्या, सुट्ट्या आल्या की महिना-दोन महिने खंड पडतो. सगळं परत शून्यावर येतं का?

---

मधली_फळी

नाही. १२-१३ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलांवर २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. १० आठवडे उड्यांचा कार्यक्रम, नंतर ८ आठवडे कमी केलेला सराव. कमावलेलं टिकून राहिलं. मुलींवरच्या एका अभ्यासात तर आठवड्यातून एकदाच, १४ आठवडे हलक्या उड्या केल्या, तरी उडी आणि किक दोन्ही वाढल्या.

परीक्षेच्या दिवसांत मी आठवड्यात एक छोटं सत्र ठेवतो, चाळीसेक उड्या, त्यातल्या अर्ध्या नुसत्या दोरीवरच्या. पूर्ण खंड पडला असेल तर परत येताना पहिला आठवडा फक्त उतरण्याचा, मग ५० पासून. आणि सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी उंची मोजायची. सुट्टीत मुलं वाढून येतात, आणि जुन्या वहीतला कार्यक्रम त्या नव्या पायांना लागू पडेलच असं नाही.